एकशेवीस लिटर आणि तीन लिटर

नमस्कार मंडळी. आधी एक दुरुस्ती करतो, पत्रिकेत माझ्या नावाआधी 'डॉ.' छापलंय, ते छापणाऱ्याचं प्रेम समजा. मी डायलिसिस टेक्निशियन, म्हणजे किडनी बंद पडलेल्यांचं रक्त मशीनने साफ करणारा. एकोणीस वर्षं मशीनपाशी उभा राहिलोय, आता नवीन पोरापोरींना शिकवतो. आमचे नेफ्रॉलॉजिस्ट सर, म्हणजे किडनीचे डॉक्टर, शनिवारी एखादा रिसर्च पेपर हातात ठेवायचे आणि सोमवारी सकाळी पहिली शिफ्ट लावता लावता त्यावर प्रश्न विचारायचे, तेव्हा उत्तर आलं नाही की सिस्टरांसमोर जी शोभा व्हायची त्या भीतीने रिसर्च वाचायची सवय लागली.

आज समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी कुणीतरी डायलिसिसवर असणार, म्हणून क्रिएटिनिन म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही. मी फक्त पाण्याबद्दल बोलणार आहे. डायलिसिसमध्ये पाण्याचे दोन हिशोब असतात. एक, जे पाणी डायलायझरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या रक्त गाळणाऱ्या नळकांड्यात, तुमच्या रक्ताच्या शेजारून वाहतं. मिनिटाला ५०० मिली म्हटलं तर चार तासांत १२० लिटर होतं. दुसरं, जे किडनी बंद असल्याने तुमच्या अंगात साठतं आणि आम्ही काढतो, दोन लिटर, तीन लिटर, कधी चार. पेशंटला दुसऱ्याचीच काळजी असते, "आज किती काढणार?" एवढंच विचारतात. पहिल्याबद्दल एकोणीस वर्षांत मला दोनच माणसांनी विचारलं, त्यातला एक वॉटर सप्लायमधून रिटायर झालेला होता.

तर आधी पहिलं. आपण पाणी पितो तेव्हा आतड्याची भिंत मध्ये असते, ती बरंच काही अडवते, आणि उरलंसुरलं किडनी बाहेर टाकते. डायलिसिसवाल्याच्या रक्तात आणि त्या १२० लिटरमध्ये एक पातळ पडदा असतो बस्, आणि किडनी तर बंदच. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो ना, नगरपालिकाही तेच करते, मोठ्या प्रमाणावर. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. १९७० च्या दशकात काही डायलिसिस सेंटरमध्ये विचित्र आजार दिसायला लागला. पेशंट आधी बोलताना अडखळायचा, मग अंगाला झटके, मग विसरायला लागायचा, आणि काही महिन्यांत संपायचा. कुणाला वाटलं व्हायरस असेल. १९७६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या ॲल्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशंटच्या मेंदूतलं ॲल्युमिनियम मोजलं, ते भरमसाट निघालं. पहिला संशय रक्तातला फॉस्फरस कमी करायला देत असलेल्या ॲल्युमिनियमच्या औषधांवर गेला, आणि तो चुकीचा नव्हता, पण तिकडे इंग्लंडात न्यूकॅसलला हाडं मोडणाऱ्या पेशंटचा अभ्यास झाला तेव्हा नळाचं पाणीच सापडलं. आज प्रत्येक सेंटरमागे आरओ प्लांट असतो, त्याच्या मागे ही माणसं आहेत.

दुसरी गोष्ट ब्राझीलची, कारुआरू नावाचं गाव, फेब्रुवारी १९९६. दुष्काळ, धरण तळाला गेलेलं, त्यात निळं-हिरवं शेवाळ माजलेलं, आणि डायलिसिस सेंटरला पाणी टँकरने यायचं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल, आपल्याकडे उन्हाळ्यात निम्म्या जिल्ह्यात टँकर फिरतो. १३१ पेशंटपैकी ११६ जणांना अंधारी, मळमळ, उलट्या सुरू झाल्या, शंभर जणांचं लिव्हर निकामी झालं आणि पन्नासहून जास्त दगावले. तपासात शेवाळाचं विष सापडलं, मायक्रोसिस्टिन. सेंटरला फिल्टर होते बरं का. वाळूचा होता, कार्बनचा होता, पण असल्या पाण्यापुढे ते पुरे पडले नाहीत.

आता माझीच गोष्ट सांगतो, ठिकाणाचं नाव नको. नवीन नवीन जॉइन झालो होतो. आरओ रूममध्ये रजिस्टर असतं, त्यात रोज पहिल्या शिफ्टआधी क्लोरीन टेस्ट करून लिहायचं, कारण नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन कार्बनच्या फिल्टर टँकमधून निसटलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मी बघतो तर पुढच्या चार दिवसांचे आकडे आधीच भरलेले! विचारलं तर म्हणे, रोज तेच येतं, लिहून ठेवलं. मी तेव्हा गप्प बसलो, ते चुकलंच माझं. तुम्ही मात्र सेंटर निवडताना एसी आणि टीव्ही बघण्याआधी विचारा की क्लोरीन कधी तपासलं आणि पाण्यातल्या बॅक्टेरियाचं कल्चर शेवटचं कधी पाठवलं. विचारलं म्हणून कुणी मारत नाही.

आता दुसरं पाणी, आणि खरं तर मला यावरच जास्त बोलायचंय. एक काका होते आमच्याकडे, ड्राय वेट ५८. ड्राय वेट म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. त्या दिवशी आले ते साडेएकसष्ट भरले, घरी बारसं होतं. त्यात गावची शेवटची एसटी सव्वासहाची, म्हणाले, "बाळा, साडेतीन तासांत सोड, पण पाणी सगळं काढ, मागच्या वेळी दम लागून रात्रभर उशाला तीन उश्या घेऊन बसलो होतो." मी काढलं. साडेतीन लिटर, साडेतीन तास, तासाला एक लिटर, मशीनवर आकडा टाकायला काय जातंय. पावणेतीन तासांनी काकांनी जांभई दिली. मग दुसरी. ही जांभई आम्ही आता पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो, दुपारच्या झोपेची ती नसते, बीपी घसरायला लागल्याची असते. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग पोटरीत गोळा आला म्हणून ओरडले, कपाळावर घाम, आणि एकदम डोळे वर. बीपी सत्तर. पाय वर केले, पाणी काढणं बंद, सलाइन सोडलं. काका आले शुद्धीवर, आणि पहिलं काय म्हणाले तर "एसटी गेली का?" गेली होती. आणि सलाइनच्या रूपाने मी अर्धा लिटर परत आत घातलं होतं.

नंतर सरांनी मला कॅल्क्युलेटर दिला. हे गणित तुम्हीही करू शकता, वही असेल तर लिहा. काढायचं पाणी मिलीमध्ये, भागिले तास, भागिले ड्राय वेट. काकांचं ३५०० भागिले साडेतीन म्हणजे १०००, भागिले ५८, म्हणजे १७ च्या वर. ६० किलोच्या माणसाचे तीन लिटर चार तासांत काढले तर साडेबारा. तेच तीन लिटर ४५ किलोच्या बाईचे काढले तर साडेसोळाच्या पुढे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या हेमो नावाच्या ट्रायलच्या १८४६ पेशंटची माहिती पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की हा आकडा १३ च्या वर असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १० च्या आत असलेल्यांच्या दीडपट आहे. गंमत म्हणजे हेमो ट्रायल झाली होती वेगळ्याच गोष्टीसाठी, डायलिसिसचा डोस वाढवला तर माणसं जास्त जगतात का हे बघायला, आणि २००२ मध्ये त्याचं उत्तर "नाही" आलं होतं.

पण वेग वाढला की नेमकं होतं काय? रक्तातलं पाणी आम्ही काढतो, आणि बाजूच्या सुजेतलं पाणी हळूहळू रक्तात शिरून ती जागा भरतं. विहिरीवर मोटार लावली आणि झरे बारीक असले तर तळ दिसतोच ना. इंग्लंडात डर्बीला मॅकिन्टायर आणि मंडळींनी डायलिसिस चालू असतानाच हृदयाची इको केली. ७० पेशंटपैकी ६४ टक्क्यांमध्ये हृदयाच्या भिंतीचे काही भाग मध्येच नीट आकुंचन पावेनासे झाले होते, म्हणजे रक्त कमी पडून तात्पुरते बधिर. छातीत दुखलं असंही नाही बऱ्याच जणांना. आणि हे आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं. म्हणून "एवढंसं बीपी ड्रॉप झालं, होतं तसं" असं कुणी म्हणालं की मला आता राग येतो.

त्यात भर सुट्टीच्या दिवसाची. २०११ सालचाच आणखी एक अमेरिकन अभ्यास, ३२,०६५ पेशंट. आठवड्यात तीन डायलिसिस म्हणजे दोन गॅप दोन दिवसांचे आणि एक तीन दिवसांचा. त्या मोठ्या गॅपनंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त, १०० पेशंट-वर्षांमागे, म्हणजे शंभर पेशंट वर्षभर धरले तर, २२.१, बाकी दिवशी १८. आपल्याकडे तर कितीतरी पेशंट दोनदाच येतात, त्यांचा प्रत्येकच गॅप मोठा. योजनेतून डायलिसिस फुकट होतं हो, जन आरोग्य योजना आहे, २०१६ पासून केंद्राचा कार्यक्रम आहे, पण एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्या पोराचा बुडालेला रोज कोण देणार? "काका तिसऱ्यांदा या" म्हणणं सोपं असतं.

मग यावर उपाय काय, असं विचाराल. इथे रिसर्चची खरी मजा आहे, म्हणजे मजा म्हणवत नाही. एक उपाय सगळ्यांना पटलेला होता, मशीनचं पाणी थोडं थंड ठेवायचं, की शिरा आवळतात आणि बीपी टिकतं. लहान अभ्यासांत छान दिसलं. मग कॅनडातल्या ऑन्टारियोत ८४ सेंटर घेऊन, १५ हजारांहून जास्त पेशंटवर चार वर्षं करून बघितलं, २०२२ मध्ये रिझल्ट आला, मृत्यू आणि हृदयविकाराच्या ॲडमिशनमध्ये फरक शून्य, फक्त पेशंट जास्त कुडकुडले. बीपी सारखं पडणाऱ्या एखाद्याला आम्ही अजूनही तापमान अर्धा डिग्री कमी करतो, पण सरसकट सगळ्यांना गारठवण्यात अर्थ नाही एवढं कळलं. दुसरा उपाय सरळ, वेळ वाढवा. अमेरिकेत टाइम नावाची ट्रायल झाली, ७०३५ पेशंट, एका गटाला सव्वाचार तास बसवायचं ठरलं. प्रत्यक्षात त्या गटाची सरासरी निघाली २१६ मिनिटं आणि दुसऱ्याची २०७. नऊ मिनिटांचा फरक! ट्रायल मध्येच बंद केली. मी ते वाचून मोठ्याने हसलो, कारण "अर्धा तास आधी सोडा ना" हे तिकडेही तसंच चालतं तर.

एक चांगली बातमीही आहे. हिमोडायफिल्ट्रेशन म्हणून प्रकार आहे, त्यात एका वेळी २३ लिटरच्या आसपास पाणी रक्तातून खेचून तेवढंच शुद्ध पाणी थेट रक्तात परत देतात. २०२३ मध्ये युरोपातल्या कन्व्हिन्स ट्रायलमध्ये १३६० पेशंट होते, साध्या डायलिसिसच्या गटात २१.९ टक्के दगावले, या गटात १७.३. पण ते पाणी थेट शिरेत जातं, म्हणजे पुन्हा आरओ रूमचं ते रजिस्टर आलंच. खोटे आकडे भरणाऱ्या सेंटरला ही मशीन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता घरचं. पाणी कमी प्या, पाणी कमी प्या, सगळे सांगतात, आणि पेशंट चोरून पितात, बाथरूममध्ये पिणारे पाहिलेत मी. त्यांची चूक नाही, तहान मिठाने लागते. सलाइनची बाटली बघा, एक लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ. शरीर साधारण तोच हिशोब धरून बसलंय, तेवढं मीठ पोटात गेलं की ते लिटरभर पाणी मागणारच. म्हणून तांब्या लपवण्याआधी लोणच्याची बरणी लपवा, पापड, फरसाण, चहाबरोबरची खारी. आणि ते 'लो सोडियम' मीठ आणू नका हं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं, डायलिसिसवाल्याचं हृदय त्याने थांबू शकतं. एका सुनेने सासऱ्यांसाठी मायेने आणलं होतं, पोटॅशियम सातच्या वर घेऊन आले ते.

बोला, प्रश्न. हं, मागच्या ताई. दिवसाला किती पाणी चालेल? लघवी किती होते त्यावर आहे. साधारण चोवीस तासांची लघवी मोजायची आणि त्यात अर्धा लिटर मिळवायचं, पण तुमच्या डॉक्टरांचा आकडा पक्का धरा. त्यात चहा, ताक, आमटी, सगळं आलं. आणि ताई, घरी गेल्यावर एक करा, चहाचा कप मापाच्या भांड्यात ओतून बघा. सगळे म्हणतात "अर्धा कपच घेतला". माझ्या घरचा कप दीडशे मिलीचा निघाला, सासुरवाडीचा पंच्याहत्तरचा.