भात्यावरचा हात

[दृश्य : पहाटेचं धुकं. तूर्माले घाटाचा उतार, गाडीच्या काचेतून.]

हा रस्ता उतरताना पोटात गोळा येतो. आज तो डांबरी आहे आणि वळणांवर पाट्या आहेत. फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये पिरेनीजची डोंगररांग आडवी पसरली आहे, तिच्यातला हा तूर्माले घाट. माथा २,११५ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही साडेचारशे मीटरहून जास्त उंच.

१९१३ साली इथे डांबर नव्हतं. खडी होती, माती होती, आणि पाऊस झाला की चिखल. ९ जुलैला याच उतारावरून एक माणूस खांद्यावर सायकल घेऊन चालत खाली आला. त्याचं नाव यूजेन क्रिस्तोफ.

[दृश्य : जुनं छायाचित्र. झुपकेदार मिशा, छातीवर गुंडाळलेले दोन टायर.]

हा फोटो नीट पाहा. छातीवरून फुलीसारखे घेतलेले हे सुटे टायर आहेत. शर्यतीत चाक पंक्चर झालं तर स्वतःच बदलायचं, बाहेरच्या कुणाचा हात लागायला नको, असा त्या काळच्या टूर द फ्रान्सचा, म्हणजे फ्रान्सभर टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या सायकल शर्यतीचा नियम. गिअर बदलण्याची यंत्रणा वापरायलाही बंदी होती, ती थेट १९३७ पर्यंत.

क्रिस्तोफचा जन्म १८८५ चा, पॅरिसला खेटून असलेल्या मालाकॉफचा. पोरवयात तो कुलूपकाम शिकला. कानस चालवणं, नळी कापणं, भोक पाडणं, लोखंडाला हवा तो आकार देणं, हे सगळं सायकलच्या शर्यतीत उतरण्याआधीच त्याच्या हातात बसलं होतं. पुढे जे घडलं त्याची मुळं या उमेदवारीत आहेत, असं मला ठामपणे वाटतं. त्याच्या पायांचं कौतुक पुष्कळ झालं आहे. ही फिल्म त्याच्या हातांसाठी आहे.

[दृश्य : फोटोंची मालिका. बर्फ, चिखल, गर्दी.]

१९१० ची मिलान–सान रेमो शर्यत त्याने बर्फवृष्टीत जिंकली. वाटेत गारठून एका खानावळीत शिरला, अंगावर घोंगडी घेऊन ऊब आणली आणि पुन्हा निघाला. साडेबारा तासांच्या आसपास सायकल चालवून पहिला आला, आणि नंतर महिनाभर इस्पितळात पडून होता. १९१२ च्या टूरमध्ये सलग तीन टप्पे मारले. त्यातल्या ग्रनोब्लच्या टप्प्यात तो ३१५ किलोमीटर एकटा पुढे होता. त्या वर्षी निकाल गुणांवर, म्हणजे प्रत्येक टप्प्यातल्या क्रमांकावर लागायचा, तो दुसरा आला. १९१३ पासून निकाल पुन्हा वेळेवर लागू लागला, आणि घाटात तास-तास कमावणाऱ्या क्रिस्तोफसारख्या गड्याला हवं होतं ते हेच.

[दृश्य : घाटमाथा. वारा. मेंढ्या रस्ता ओलांडतात.]

९ जुलैचा टप्पा : बायॉन ते ल्युशाँ, ३२६ किलोमीटर. सुरुवात पहाटे तीनला, अंधारात. एकूण हिशेबात आघाडीवर असलेला बेल्जियमचा ओदिल दफ्रे मागे पडला होता आणि त्याच दिवशी त्याने शर्यत सोडली. माथ्यावर बेल्जियमचाच फिलिप थिस पुढे होता, क्रिस्तोफ त्याच्यापाठोपाठ काही मिनिटांवर. एकूण हिशेबात मात्र आता टूर क्रिस्तोफच्या हातात आली होती.

उतारावर त्याला हँडल वेगळं लागलं. वळवावं तर वळेना. ब्रेक दाबून तो थांबला आणि खाली पाहिलं. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा तुटला होता. ही हकिगत त्याने पुढे स्वतः सांगितली, पण बऱ्याच वर्षांनी. त्या वेळी सायकल कंपनीची बदनामी नको म्हणून गप्प राहिलो, असंही तो म्हणाला.

[दृश्य : तोच उतार, आता पायी. कॅमेरा खांद्याच्या उंचीवर.]

हे अंतर आम्ही चाललो. घाट उतरताना गुडघ्यांवर येणारा भार चढापेक्षा वाईट असतो, आणि आमच्याकडे तर फक्त कॅमेरा होता. त्याच्याकडे त्या काळची जड सायकल आणि मोडलेला चिमटा. दहा किलोमीटरांहून जास्त वाट. मागे टाकलेले सगळे एकेक करून त्याच्या अंगावरून पुढे गेले. तो रडत चालला होता, हेही त्यानेच सांगितलं आहे.

[पाच सेकंद शांतता. फक्त पावलांचा आवाज.]

[दृश्य : सॅन्त-मारी-द-काँपाँ गाव. चौक, चर्च, दगडी घरं.]

गावात शिरल्यावर एका मुलीने त्याला लोहाराचं घर दाखवलं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. लोहार मदतीला तयार होता. पण क्रिस्तोफच्या मागोमाग पंचही येऊन पोचले होते. त्यांनी दारातच सांगितलं : लोहाराने हात लावायचा नाही. भट्टी वापर, अवजारं वापर, काम तुझं तू कर.

[दृश्य : भट्टी. निखारे. जवळून.]

ही आग फ्रान्समधली नाही. ही दृश्यं आम्ही आपल्याकडच्या एका घिसाड्याच्या पालावर टिपली, कारण लोखंडाची भाषा दोन्हीकडे एकच. बघा, कोळशात खुपसलेला तुकडा आधी काळाच राहतो. मग कडेने तांबूस, मग लालबुंद, मग नारिंगी. जोड बसवायचा तर त्याच्याही पुढे जावं लागतं, पिवळसर पांढऱ्यापर्यंत. तिथे क्षणभर जास्त थांबलात तर ठिणग्या उडतात आणि लोखंड जळतं. कमी तापलं तर वरून चिकटल्यासारखं वाटतं आणि पहिल्याच खड्ड्यात सुटतं. उतारावर ताशी पन्नासच्या वेगात सुटलं, तर माणूस दरीत.

आता हात मोजा. एक हात सांडशीवर, तापलेलं लोखंड ऐरणीवर धरून. दुसरा हातोड्यावर. मग भाता कोण ओढणार? आपल्या रस्त्यांच्या कडेला पाल टाकून बसणारी घिसाडी कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना उत्तर माहीत आहे. नवरा लोखंड धरतो, बायको घण मारते, पोर भाता हलवतं. भात्यावर कुणी नसेल तर निखारे मंदावतात, लोखंड ऐरणीवर यायच्या आतच रंग उतरतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे काम दोन हातांचं नाहीच. कधीच नव्हतं.

[दृश्य : हातोड्याचा घाव. ठिणग्या. घिसाड्याचं पोर भात्याशी.]

क्रिस्तोफने पहाटे तीनपासून सायकल चालवली होती, मग तो चालला होता, आणि आता उभा होता भट्टीसमोर. तापवायचं, ठोकायचं, बघायचं, परत तापवायचं. कुलूपकाराच्या उमेदवारीतली सगळी शिकवण पणाला लागली होती. पंच बाजूला उभे राहून एकेक घाव पाहत होते. त्यांतला एक जण भूक लागली म्हणून जेवायला निघाला, तेव्हा क्रिस्तोफने त्याला कोळसा खा असं सुनावलं. मी तुमचा कैदी, तुम्ही माझे पहारेकरी, तेव्हा इथून हलायचं नाही, अशी त्याची भूमिका. बरोबरच होती. नियम त्यांचा, तर राखणही त्यांनीच करायची.

एका टप्प्यावर त्याला तिसरा हात हवाच होता. लोहाराकडचं सात वर्षांचं एक पोर, कोर्नी नावाचं, पुढे झालं आणि त्याने भाता हलवला.

पंचांनी ते टिपून घेतलं.

[दृश्य : पाण्यात बुडवलेलं लोखंड. वाफ.]

सुमारे तीन तासांनी चिमटा तयार झाला. क्रिस्तोफने तो बसवला, चाक चढवलं आणि निघाला. पुढे अजून आस्पँ आणि पेरसूर्द असे दोन घाट बाकी होते. स्वतः घडवलेल्या चिमट्यावर त्याने ते दोन्ही चढले आणि, त्याहून अवघड, उतरलेही. ल्युशाँला पोचला तेव्हा थिसला येऊन पावणेचार तास उलटून गेले होते.

आणि मग शिक्षा. बाहेरची मदत घेतली म्हणून १० मिनिटं. नंतर ती ३ मिनिटांवर आली. चार तास आधीच गेले होते, त्यामुळे निकालात या मिनिटांनी काहीच बदललं नाही. म्हणूनच ती जास्त खुपतात. माझ्या मते तो दंड चूक होता, दहाचाही आणि तीनचाही. ज्याने हा नियम लिहिला त्याने कधी भट्टीसमोर उभं राहून पाहिलं नसावं.

त्या वर्षीची टूर थिसने जिंकली. क्रिस्तोफ सातवा. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि टूर चार वर्षं बंद पडली.

[दृश्य : पिवळ्या कागदाचं जुनं वर्तमानपत्र. मग पिवळी जर्सी, जवळून.]

१९१९. स्पर्धा भरवणारं ‘ल’ऑटो’ हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं. आघाडीवरचा खेळाडू लोकांना लांबून ओळखता यावा म्हणून त्याला त्याच रंगाची जर्सी द्यायची असं आयोजक आँरी देग्राँजने ठरवलं. १९ जुलैला ग्रनोब्लमध्ये ती ज्याच्या अंगावर चढली तो क्रिस्तोफ. टूर द फ्रान्सच्या इतिहासातली पहिली पिवळी जर्सी. रस्त्याकडेचे लोक त्याला पिवळा पक्षी म्हणून चिडवायचे आणि त्याला ते आवडायचं नाही. वय ३४.

शेवटून दुसरा टप्पा मेट्झ ते डंकर्क, ४६८ किलोमीटर. आघाडी जवळपास अर्ध्या तासाची. व्हॅलेन्सिएनजवळच्या फरसबंदी रस्त्यावर चिमटा पुन्हा तुटला. जवळच्या कारखान्यात शिरून त्याने पुन्हा स्वतःच्या हाताने तो दुरुस्त केला. तासाहून जास्त वेळ गेला, जर्सी फिरमँ लाँबोकडे गेली, क्रिस्तोफ तिसरा. सुरुवातीला ६७ जण होते, अंतिम यादीत उरले १०. फ्रान्समधल्या लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली.

१९२० आणि १९२१ मध्ये बोर्दो–पॅरिस ही शर्यत जिंकली, १९२० मध्येच पॅरिस–तूरही. १९२२ मध्ये, ३७ व्या वर्षी, पुन्हा काही दिवस पिवळी जर्सी. आणि त्याच टूरमध्ये गालिबिए घाटाच्या उतारावर तिसऱ्यांदा चिमटा तुटला. शेवटची टूर १९२५ ची, चाळिशीत. ११ टूरमध्ये उतरला, ८ पूर्ण केल्या. एकही जिंकला नाही.

[दृश्य : जुन्या पेडलवरची लोखंडी टो-क्लिप, चामडी पट्टा.]

पेडलवर पाय घट्ट धरून ठेवणाऱ्या या टो-क्लिप त्याच्या नावाने निघाल्या आणि कितीतरी दशकं जगभर विकल्या गेल्या. क्रिस्तोफ कोण हे माहीत नसलेल्या हजारो सायकलपटूंनी त्याचं नाव पायाखाली वागवलं. तो १९७० मध्ये, ८५ वर्षांचा होऊन गेला.

[दृश्य : सॅन्त-मारी-द-काँपाँ. पुतळा, मग भट्टीची भिंत. कॅमेरा हळूहळू पाटीकडे.]

गावात आज त्याचा पुतळा आहे, हातात सायकलचा चिमटा. आणि या भिंतीवर ही पाटी, १९५१ मध्ये फ्रान्सच्या सायकलिंग महासंघाने लावलेली. इथे त्याने चिमटा दुरुस्त केला, असं तिच्यावर कोरलं आहे. ही शर्यत खरं तर त्यानेच जिंकायला हवी होती, असंही. म्हणजे ज्या खेळाच्या पंचांनी दंड ठोकला, त्याच खेळाच्या महासंघाने ३८ वर्षांनी हे दगडावर लिहून दिलं.

भाता हलवणाऱ्या पोराचा पाटीवर उल्लेख नाही.

[दृश्य : पुन्हा घिसाड्याचं पाल. पोराचा हात भात्यावर. आवाज तसाच चालू. पडदा काळा.]