खर्जाखालची घरघर

(पडद्यावर: बंद दार, माइकचा स्टँड, लॅपटॉपवर पुढे सरकणारी रेघ.)

खोलीत कोणी गात नाही, कोणी बोलत नाही, तरीही पडद्यावरची रेघ सपाट नाही. नीट पाहिले तर तिला बारीक काटे फुटलेले दिसतात. घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करणाऱ्याला जो नको असलेला आवाज छळतो, तो उघडा पडतो तो अशा मुद्दाम मुद्रित केलेल्या तीस सेकंदांच्या शांततेत. एरवी गाणे सुरू झाले की तो गाण्याआड दडतो आणि आलाप संपून श्वासाची जागा आली की पुन्हा डोके वर काढतो.

ही पुण्यातल्या एका सदनिकेतली आतली खोली आहे. सामान बेताचेच आहे: लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (आवाजाचा सिग्नल संगणकाला समजेल अशा आकड्यांत बदलणारी पेटी), एक कंडेन्सर माइक, हेडफोन आणि तंबोऱ्याचे ॲप असलेला मोबाइल. मोबाइलमधला तंबोरा वायरने इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटात दिलेला आहे आणि रियाजाच्या मध्येच बॅटरी संपू नये म्हणून मोबाइल चार्जिंगला लावलेला आहे. गायिकेची पट्टी पांढरी पाच, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवरचा षड्ज. तक्रार अशी की तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या तारेचा षड्ज, स्थिर राहत नाही, सेकंदाला दोनदा हेलकावतो. ॲप बदलून झाले, मोबाइल बदलून झाला, हेलकावा मात्र तसाच राहिला.

(पडद्यावर: मोबाइल, त्यातून निघालेल्या दोन वायरी.)

पांढरी पाचचा खर्ज ९८ हर्ट्झचा असतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. पण तिची घरघर निव्वळ ५० हर्ट्झची क्वचितच असते. चार्जर आणि अडॅप्टर विजेच्या लाटेचे दोन्ही अर्धे वापरतात, त्यामुळे दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा स्वर त्या घरघरीत ठळकपणे मिसळतो. ९८ आणि १०० एकत्र वाजले की फरकाइतके, म्हणजे सेकंदाला दोन ठोके पडतात. तंबोरा लावताना जोडाच्या तारा जुळत आल्या की कानाला ज्या लाटा कळतात, त्याच या लाटा आहेत; फरक इतकाच की इथली दुसरी तार विजेच्या खांबावरून आलेली आहे आणि तिची खुंटी आपल्या हातात नाही. शिवाय ती तार स्थिरही नसते. देशाच्या वीजजाळ्याची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखली जाते, म्हणून ठोक्यांची लय दुपारी एक आणि रात्री थोडी निराळी भरू शकते.

शोध सुरू करताना पहिला प्रश्न असा विचारावा की आवाज मुद्रणात शिरला आहे, की फक्त ऐकण्यात आहे. हे न विचारल्यामुळे लोक आठवडेच्या आठवडे माइक बदलत बसतात. गाणे थांबलेले असताना सॉफ्टवेअरमधला मीटर हलत असेल, तर आवाज आत शिरला आहे. मीटर निश्चल असून स्पीकर गुणगुणत असतील, तर दोष स्पीकरच्या वायरीत किंवा त्यांच्या प्लगमध्ये शोधावा. इथे मीटर हलतो, आणि तोही फक्त तंबोऱ्याच्या इनपुटाचा. आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा शांतता मुद्रित करून ऐकायची. लॅपटॉपचा चार्जर काढला, तर घरघर निम्म्याहून कमी झाली. तो परत लावून मोबाइलचा चार्जर काढला, तर घरघर नाहीशी झाली आणि खर्ज एकदम स्थिरावला.

असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. मोबाइलच्या दोन पिनी चार्जरला अर्थिंग नसते. त्याच्या पोटात विजेची बाजू आणि मोबाइलची बाजू यांना जोडणारा एक लहानसा कपॅसिटर बहुधा असतो, आणि त्यातून अगदी थोडा प्रवाह सतत पाझरत राहतो. दोन पिनी अडॅप्टरवर चालणाऱ्या, धातूच्या आवरणाच्या उपकरणावरून हलकेच बोट फिरवले की खरखरीत मुंग्या जाणवतात, त्या याच प्रवाहाच्या. इथे तो प्रवाह तंबोऱ्याच्या वायरीतल्या बाहेरच्या तारांच्या जाळीतून इंटरफेसमध्ये, तिथून यूएसबीने लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरमधून अर्थिंगमध्ये उतरत होता. ती जाळी म्हणजेच तंबोऱ्याच्या सिग्नलची परतीची वाट. एकाच वाटेवरून दोघे चालू लागले की इंटरफेसला त्यांच्यातला फरक ओळखता येत नाही. माइकच्या तीन पिनांच्या वायरीत असे होत नाही, कारण तिच्यातल्या दोन तारांवर सिग्नल एकमेकांच्या उलट असतो आणि बाहेरून शिरलेला गोंधळ दोन्हींवर सारखाच. इंटरफेस एकातून दुसरा वजा करतो, तेव्हा सिग्नल टिकतो आणि गोंधळ जवळजवळ मिटतो. माइकचा मीटर शांत का होता, हे यावरून कळते.

उपाय साधा आहे: मुद्रणापुरता मोबाइल बॅटरीवर ठेवावा. ते जमत नसेल, तर मोबाइल आणि इंटरफेस यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल पुढे पोचवणारी लहान पेटी) लावावा, म्हणजे सिग्नल पलीकडे जातो आणि पाझरणाऱ्या प्रवाहाची वाट तुटते. घरघर घालवण्यासाठी लॅपटॉपच्या किंवा स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा सल्लाही काही जण देतात. तो मुळीच मानू नये. ती पिन आवाजासाठी नाही, जिवासाठी आहे.

(पडद्यावर: पंख्याचा रेग्युलेटर, मग माइक.)

घरघर गेली की तिच्याखालची सरसर ऐकू येऊ लागते. ती बहुतेक वेळा अंतरातून येते. गायिका माइकपासून दोन वितींवर बसली होती. ती एका वितीवर सरकली, तर तिचा आवाज माइकपाशी सुमारे ६ डेसिबलने वाढतो, तितका गेन, म्हणजे इंटरफेस माइकचा आवाज जितका वाढवतो ते प्रमाण, कमी करता येतो आणि त्याबरोबर खोलीची सरसर खाली जाते. मुद्रण २४ बिटांचे असेल, तर तार सप्तकातली सर्वांत जोरकस तानही मीटरच्या कमाल पातळीखाली १२ डेसिबलच्या (उणे १२) आसपास राहिली तरी काही बिघडत नाही. मीटर लाल रेषेला भिडवण्याची सवय कॅसेटच्या काळातली आहे. पंखा बंद ठेवावा, हे सांगायला नको. पण पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरबद्दल सांगायला हवे: तो विजेची लाट मधेच कापतो आणि त्या कापाच्या धारा वायरींतून टर्रर्र असा आवाज पसरवतात, म्हणून अशाच रेग्युलेटरवर शेजारच्या खोलीत मंद फिरणारा पंखाही संशयितांच्या यादीत घ्यावा.

मधूनच येणारी टकटक ही निराळी जात आहे. तिचा विजेशी संबंध नसतो. संगणकाला ठरल्या वेळेत काम उरकत नाही, तेव्हा ती येते. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असताना बफर, म्हणजे एका खेपेला हाताळायचा साठा, २५६ नमुन्यांचा ठेवला, तर प्रत्येक खेपेला संगणकाच्या हाती सुमारे ५.३ मिलिसेकंद असतात. मुद्रणापुरते वायफाय बंद करणे, बॅटरी वाचवण्याचा मोड काढणे किंवा बफर ५१२ करणे, यांपैकी एखाद्या उपायाने ती सहसा थांबते.

(पडद्यावर: आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरची खिडकी.)

हे सगळे सोडून सॉफ्टवेअरने आवाज धुऊन काढण्याचा मोह होतो, आणि बोलण्याच्या मुद्रणात ते बऱ्यापैकी साधतेही. तंबोऱ्यावर मात्र आमचा अनुभव वाईट आहे. ही साधने जे सतत आणि एकसारखे वाजते त्याला नको असलेला आवाज समजतात, आणि तंबोऱ्याचे कामच सतत आणि एकसारखे वाजण्याचे आहे. जवारीतून, म्हणजे तार जिथे घोडीला हलकेच घासते त्या जागेतून, उमटणारे वरचे बारीक स्वर सरसरीच्याच परिसरात राहतात. सरसर पुसताना तेही पुसले जातात आणि उरतो तो पाण्याखालून वाजल्यासारखा तंबोरा. म्हणून या खोलीत ती खिडकी शेवटी उघडते, आणि उघडली तरी दोन-तीन डेसिबलच्या पुढे जात नाही.

आज मुद्रित केलेल्या तीस सेकंदांत दोनच आवाज उरले आहेत. एक, खिडकीच्या जाळीपलीकडल्या पारव्यांचा. त्यांच्यासाठी पहाटे साडेचारला मुद्रण ठेवण्याखेरीज इलाज सापडलेला नाही. दुसरा स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा, जो दोन भिंती ओलांडून येतो. फ्रीज तासाभरासाठी बंद करता येतो, पण मुद्रण छान झाल्याच्या आनंदात तो पुन्हा सुरू करायचा राहून जातो आणि संध्याकाळी दूध नासलेले सापडते. यावर ध्वनिमुद्रकांमध्ये एक जुनी युक्ती चालते: फ्रीजचे बटण बंद करताना गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची.

(पडद्यावर: फ्रीजचा दरवाजा उघडतो, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी स्कूटरची किल्ली.)