महाधमनी किती सेंटिमीटर?

इंदूरमध्ये सकाळी उपाशी राहायचं म्हणजे शिक्षाच. नाक्यानाक्यावर पोहे वाफाळत असतात. पण पोटात वायू असला की सोनोग्राफीत त्यामागचं काही धड दिसत नाही, म्हणून रामबागेतले हे काका न खाता आलेत. वय 71. बिडी आयुष्यभर ओढली, आता सुटली. तक्रार काहीच नाही. प्रोस्टेटसाठी केलेल्या सोनोग्राफीत पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगलेली अचानक सापडली.

"ही तर बायकांची तपासणी ना हो?" काकूंना शंका. दारावर 'गर्भलिंग तपासणी केली जात नाही' ही पाटी कायद्यानं लावावीच लागते. मग दुसरं काय वाटणार?

(पडदा जवळून)

गार जेल, त्यावर प्रोब. "काका, पोट सैल सोडा." मणक्याच्या पुढ्यात एक काळं वर्तुळ ठोक्यागणिक हलतंय. ही महाधमनी. एरवी साधारण 2 सेंटिमीटर रुंद. 3 किंवा त्याहून जास्त भरली, तर एन्युरिझम, म्हणजे धमनीला आलेला फुगवटा. तो फुटला, तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. आइनस्टाइन 1955 मध्ये यानंच गेले.

खरी गोम मोजण्यात आहे. फुगवट्याच्या आत कडेनं रक्ताची गुठळी साचते, ती राखाडी दिसते. नुसता काळा भाग मोजला, तर आकडा फसवा, लहान येतो. प्रोब तिरका धरला, तर वर्तुळ लांबट होऊन आकडा उगाच मोठा येतो. बाजूच्या कडाही पुसट असतात. म्हणून पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत मोजायचं. पडद्यावर दोन फुल्या बसतात. 4.1. मागच्या वर्षी 3.9 होतं.

दोन मिलिमीटर. त्यात वाढ किती आणि मोजणाऱ्या हाताचा फरक किती? डॉक्टर जुन्या फिल्म मागवतात, तेव्हा त्या माळ्यावर टाकलेल्या नसाव्यात एवढंच.

ब्रिटनमध्ये पुरुषांना 65व्या वर्षी या तपासणीचं बोलावणं जातं. फुगवटा 3 ते 4.4 असेल तर वर्षातून एकदा तपासणी, 4.5 ते 5.4 असेल तर दर तीन महिन्यांनी, 5.5 झालं की शस्त्रक्रियेचा विचार. आपल्याकडे असं पत्र कुणाच्या घरी येत नाही.

सख्ख्या भावंडांनाही धोका जास्त असतो, म्हणून काकांच्या देवासच्या धाकट्या भावालाही डॉक्टरांनी बोलावलंय. फोनवर तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" काकू त्याची अपॉइंटमेंट घेऊनच निघाल्या.