सुखाचे मोजमाप आणि त्याचे वाचन
(सांगली येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘सुखी कसे व्हावे’ हा विषय सुचवला होता. ‘सुखाविषयी मानसशास्त्राला काय कळले आहे’ असा तो मी बदलून घेतला, कारण पहिल्या प्रश्नाची उत्तरे देणारे वक्ते पुष्कळ आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर त्या सगळ्यांहून बरेच सावध आहे.

सकारात्मक मानसशास्त्राला शाखा म्हणून ओळख मिळाली ती १९९८ मध्ये, मार्टिन सेलिगमन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष असताना. सेलिगमन मूळचे असहायतेचे अभ्यासक. टाळता न येणारे विजेचे धक्के सोसलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही धडपड का करत नाहीत, हे त्यांनी स्टीव्हन मायर यांच्यासह १९६७ मध्ये दाखवले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मानसशास्त्राने आपली बहुतेक शक्ती विकारांवर खर्च केली आणि चांगले जगणाऱ्या माणसाचा अभ्यास मागे पडला, हे त्यांचे गाऱ्हाणे होते आणि ते रास्त होते.

मात्र अभ्यास करायचा तर आधी मोजायला हवे. येथे दोन वेगळे प्रश्न आहेत: कालचा दिवस कसा गेला, हा एक, एकंदर आयुष्य कसे चालले आहे, हा दुसरा. ज्या जागतिक आनंद अहवालात २०१८ पासून सलग अनेक वर्षे फिनलंड पहिला आला, त्याची क्रमवारी दुसऱ्या प्रश्नावर ठरते. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणून आपण कोणत्या पायरीवर आहोत, हे लोकांनी सांगायचे असते. फिनलंडचे लोक सर्वांत जास्त हसतात, असा त्याचा अर्थ काढणाऱ्या बातम्या चुकीच्या असतात.

पैशाच्या बाबतीत हा भेद फार उपयोगी पडतो. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील साडेचार लाखांहून अधिक उत्तरे तपासली. उत्पन्नाबरोबर आयुष्याविषयीचे समाधान वाढत राहते, पण रोजच्या भावना वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास स्थिरावतात, असे त्यांना आढळले. वर्तमानपत्रांनी यातला उत्तरार्धच तेवढा उचलला. पुढे २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी मोबाइलवरून दिवसाच्या निरनिराळ्या वेळी लोकांना ‘आत्ता कसे वाटते’ असे विचारले, तेव्हा अशी कोणतीही मर्यादा दिसली नाही. मग दोन्ही पक्षांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ नेमून आकडेवारी एकत्र तपासली आणि २०२३ मध्ये एकच निबंध लिहिला. उत्पन्नाचा परिणाम एका पातळीनंतर थांबतो, पण तो सर्वांत दुःखी अशा सुमारे पाचव्या हिश्श्यातल्या लोकांपुरता. बाकीच्यांचे सुख वाढतच जाते. वाद घालणाऱ्यांनी एकत्र बसून असा निकाल लावणे आपल्याकडे विद्वत्तेत दुर्मीळच.

ही वाढ रुपयागणिक सारखी नसते. समजा, मार्केट यार्डातल्या हमालाची महिन्याची कमाई दहा हजारांवरून वीस हजारांवर गेली, तर जो फरक पडेल तेवढाच फरक पडायला हळदीच्या अडत्याची कमाई पाच लाखांवरून दहा लाखांवर जावी लागेल. ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य हमालाला ऐकवण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.

दुसरी लोकप्रिय गोष्ट १९७८ ची. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांची आणि अपघातात अंग लुळे पडलेल्या २९ जणांची विचारपूस केली. काही काळाने दोघेही पूर्ववत होतात, असा निष्कर्ष सर्रास सांगितला जातो. मूळ निबंधात अपघातग्रस्तांनी सांगितलेले सुख इतरांपेक्षा स्पष्टपणे कमीच होते. ते लोकांच्या अपेक्षेइतके खालावलेले नव्हते, एवढेच. शिवाय या लोकांना अपघातापूर्वी कसे वाटत होते, याची नोंद कुणाकडेच नव्हती. दुसऱ्या लोकांविषयीची तशी नोंद जर्मनी आणि ब्रिटनमधील प्रदीर्घ पाहण्यांत होती. तिच्या आधारे रिचर्ड लूकस यांनी २००७ मध्ये दाखवले की गंभीर अपंगत्वानंतर घसरलेले समाधान वर्षानुवर्षे फारसे भरून येत नाही. लॉटरीचेही तेच: स्वीडनमध्ये मोठी रक्कम मिळालेल्यांचे समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलेच आढळले.

हे मी सांगलीत मुद्दाम विस्ताराने सांगतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिले आहेत. ‘माणूस सावरतोच, शास्त्रच तसे सांगते’ असे पूरग्रस्ताला कोणी सुनावले, तर शास्त्र तसे सांगत नाही, असे ठामपणे म्हणता येते.

रोजच्या उपायांविषयी थोडक्यात. कृतज्ञतेच्या नोंदी लिहिण्याचा रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ चा प्रयोग प्रामाणिक आहे, पण त्यातला ठळक फरक कटकटींच्या नोंदी करणाऱ्या गटाशी तुलना केल्यावर दिसतो. साध्या घटना लिहिणाऱ्यांशी तुलना केली की तो बराच आटतो. २००५ मध्ये तर सुखद आणि दुःखद भावनांचे, ज्याच्या वर गेले की माणसाचे जगणे बहरते असे, २.९०१३ हे ‘निर्णायक’ गुणोत्तर जाहीर झाले होते. निक ब्राउन या प्रौढ विद्यार्थ्याने ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांच्यासह २०१३ मध्ये त्यामागचे गणितच निराधार ठरवले. मनाच्या व्यवहारात दशांशचिन्हानंतर चार अंक पाहताच खरे तर शंका यायला हवी होती.

माझी मोठी हरकत मात्र वेगळी आहे. शिडीचा प्रश्न एकट्या माणसाला विचारलेला असतो. घरात मुलीचे लग्न ठरलेले नाही, मुलाला नोकरी नाही, अशा आईला तिची स्वतःची पायरी विचारली, तर ती कोणाविषयीचे उत्तर देईल? जपानमध्ये हिदेफुमी हितोकोतो आणि युकिको उचिदा यांनी २०१५ मध्ये यासाठी नऊ विधानांचे वेगळे माप तयार केले. आपल्याबरोबरच आजूबाजूची माणसेही सुखात आहेत का, हे त्यात विचारले जाते. असे माप घेऊन कृष्णाकाठच्या त्याच त्या कुटुंबांकडे दरवर्षी जाणारी पाहणी आपल्या महाविद्यालयांना हाती घेता येईल. पुढचा पूर येईल तेव्हा त्याआधीची उत्तरे आपल्यापाशी लिहिलेली असतील.