आधी श्वास सोडायला शिका

पर्वतीच्या पायऱ्या 103. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, ज्याला आहे त्याला धाप लागायला मात्र घरचा एक जिना पुरतो. आधी कोपऱ्यावरून दूध आणणं सुटतं, मग देवळात जाणं. पुढे अंघोळीनंतर अंग पुसणंही जिवावर येतं. घरचे मायेनं म्हणतात, "बाबा, तुम्ही बसा, आम्ही बघतो." आणि इथेच घात होतो. वापर नसला की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झडतात. अशा स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त हवा लागते. बसून राहिल्यानं धाप वाढतच जाते.

(दृश्य: फिजिओथेरपीची खोली. खुर्चीत एक आजी, तोंडासमोर धरलेली कागदाची पट्टी.)

मुळशीकडच्या या आजींनी कधी विडीला हात लावला नाही. पण सारी हयात चुलीपुढे गेली. पुण्याजवळच्या खेड्यांत झालेल्या संशोधनातही धूम्रपान न करणारे असे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले आहेत. सीओपीडी हा सिगारेट ओढणाऱ्यांचाच आजार, हा समज आता तरी सोडायला हवा.

"आजी, खांदे सैल सोडा. नाकानं श्वास घ्या, एक, दोन. आता ओठांचा चंबू करून हळूहळू सोडा, एक, दोन, तीन, चार. फुंकणीनं चूल फुंकता तसा जोर नको हं. कागद नुसता हलला पाहिजे."

कागद थरथरतो. आजींच्या मानेच्या ताणलेल्या शिरा जरा सैलावतात.

या आजारात खरी अडचण असते ती हवा बाहेर टाकण्याची. श्वास सोडताना अरुंद नलिका मिटतात, जुनी हवा आत अडकते आणि नवीन हवेला जागाच उरत नाही. छाती फुगलेली राहते, फुप्फुसांखालचा श्वासपटल, म्हणजे श्वास घ्यायचा मुख्य स्नायू, सपाट होतो. ओठ आवळून श्वास सोडला की आतला दाब थोडा टिकतो, नलिका उघड्या राहतात, अडकलेली हवा निघते. म्हणून जिना चढताना पायरीवर पाय टाकायचा तो श्वास सोडत. पाण्याची बादली उचलायची तीही श्वास सोडतच.

(दृश्य: रुग्णालयातला लांब पॅसेज, दोन टोकांना दोन शंकू.)

आता चालणं. सुरुवातीला सहा मिनिटांची चाचणी होते. 30 मीटरच्या सरळ वाटेवर जमेल तेवढ्या फेऱ्या मारायच्या, लागलं तर थांबायचं. बोटाला ऑक्सिमीटर. शेवटी विचारतात, "शून्य ते दहामध्ये दम किती लागला?" त्यावरून व्यायामाचा वेग ठरतो. चालताना लागणारा दम तीन-चारच्या आसपास असावा. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सुरुवातीला दोन मिनिटं चालून एक मिनिट विसावा घेतला तरी चालतं. ज्यांना डॉक्टरांनी सांगितलं असेल त्यांनी आधी इनहेलर घ्यायचा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली उतरला, की थांबायचं.

श्वासाचा आणि चालण्याचा हा शिकवून करून घेतलेला व्यायाम म्हणजेच पल्मनरी रिहॅब. आठवड्यातून दोन-तीन वेळा, साधारण सहा ते बारा आठवडे. यानं फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत, हे स्पष्ट सांगायलाच हवं. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे फारसे हलत नाहीत. पण पायांत बळ येतं, त्याच फुप्फुसांवर माणूस अधिक लांब चालतो. सहा मिनिटांत 30 मीटर जास्त चालणं झालं, तरी तो फरक रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवतो.

आपल्याकडे इनहेलर लिहून मिळतो, "थोडं फिरत जा" असंही सांगतात. कसं फिरायचं ते मात्र सहसा कुणी शिकवत नाही. याची खंत वाटते. म्हणून छातीच्या डॉक्टरांना तुम्हीच विचारा, "मला पल्मनरी रिहॅबचा उपयोग होईल का?"

पुण्याच्या थंडीत भल्या पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो. कुणी शेकोटीत पालापाचोळा आणि प्लास्टिक जाळलेलं असतं. अशा वेळी सारसबागेत फिरायला जाण्याचा हट्ट नको, ऊन वर येऊ द्यावं. दिवाळीच्या दिवसांत तर सोसायटीच्या बंद पॅसेजमध्येच फेऱ्या माराव्यात.

आणि आजार उसळून रुग्णालयात राहावं लागलं, तर घरी आल्यावर महिनोन् महिने अंथरूण धरू नका. प्रकृती स्थिरावली की पहिल्या तीन-चार आठवड्यांतच, डॉक्टरांना विचारून, व्यायाम पुन्हा सुरू करा. पुन्हा भरती होण्याची वेळ टळण्याची शक्यता त्यानं वाढते.