रंग कोणत्या क्रमाने लागला?

[दृश्य: तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास. करड्या पृष्ठभागावर काळे फटकारे, उजवीकडे खाली एक लाल पट्टा.]

नागपुरातल्या एका स्टुडिओत रंगवलेलं हे तैलचित्र. समोर उभं राहिलं की कुणीतरी सांगतंच, लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख. हे कोष्टक बाजूला ठेवू आणि रंग जवळून पाहू.

[दृश्य: लाल पट्ट्याचा क्लोजअप, बाजूने तिरका प्रकाश.]

पट्टा पॅलेट नाइफने, म्हणजे रंग मिसळायच्या बोथट, लवचीक सुरीने ओढलाय. सुरुवातीला रंगाचा जाड वळ, पुढे तो पातळ होत गेलाय, शेवटी कॅनव्हासची वीण उघडी पडलीय. हात आधी दाबला, मग सुटत गेला. जिथे लाल आणि काळा भेटतात, तिथे मळकट तपकिरी रेघ आहे. म्हणजे काळा ओला असतानाच लाल आला, दोन्ही एकाच बैठकीतले. डावीकडे मात्र पांढऱ्यावरून काळा अगदी स्वच्छ गेलाय. तो पांढरा आधी वाळला होता, आणि एवढा जाड पांढरा वाळायला आठवडा तरी लागतो. इतके दिवस थांबून, पाहून मग तो काळा ओढलाय. आमच्या मते या चित्रातली सगळ्यात तीव्र जागा तीच.

वेग दिसला म्हणजे भावनेचा उद्रेक झाला, असंही धरू नये. न्यूयॉर्कचे अमूर्त चित्रकार फ्रान्झ क्लाइन यांचे प्रचंड काळे फटकारे क्षणात मारल्यासारखे वाटतात, पण त्यांतले कित्येक टेलिफोन डिरेक्टरीच्या पानांवर केलेल्या छोट्या रेखाटनांवरून बेतलेले होते.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, १९२४ चा. १९६४ मध्ये ते रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या प्रौढ चित्रांत फटकारा जवळजवळ नाहीच. रोलरने रंग चढवायचा, नाइफने खरवडायचा, पुन्हा चढवायचा. वर्षाला मोजकीच चित्रं. तिथे भाव साठतो तो चढवण्याइतकाच उतरवण्यातून.

[दृश्य: टेबलावर रंग, रोलर, कागद.]

हे उतरवणं करून पाहता येतं. प्राइम केलेल्या, म्हणजे अस्तर दिलेल्या कॅनव्हासवर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा थर द्या, टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरून तेल न घालता. अंबर लवकर वाळतो. दोन-तीन दिवसांनी बोट लावून पाहा. रंग बोटाला लागत नसेल तर टिटॅनियम व्हाइटमध्ये किंचित अल्ट्रामरीन निळा आणि थोडं जवसाचं तेल मिसळून रोलर फिरवा. ओल्या रंगावर कोरा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा न छापलेला कागद ठेवा, तळहाताने दाबा, एका कोपऱ्यातून सावकाश उचला. छापील वर्तमानपत्र नको, शाई पांढऱ्यात उतरते. कागद रंग ओढून घेतो आणि खालचा अंबर डागाडागांनी वर येतो. कुठे किती दाबायचं, हे हातावर आहे.

खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा क्रम मोडू नका. तेलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. वरचा थर कमी तेलाचा असेल तर तो आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि वर भेगा पडतात. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग फार सावकाश वाळतो, म्हणून तो खालच्या जाड थरात टाळावा. तेल चित्रकलेचं शुद्ध केलेलंच घ्यावं. विदर्भात घाण्याचं जवसाचं तेल सहज मिळतं, पण ते खाण्यासाठी. त्यातला चिकट अंश काढलेला नसतो, त्यामुळे ते उशिरा वाळतं आणि जास्त पिवळं पडतं.

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो. टर्पेंटाइन बघता बघता उडतं आणि पातळ थर खरवडायला वेळच उरत नाही. अशा वेळी कॅनव्हासचा एकेक भाग हाती घ्यावा. इझल, म्हणजे कॅनव्हास उभा करायची घोडी, कूलरसमोर ठेवू नये. ओल्या हवेने कॅनव्हास सैलावतो आणि कूलरने ओढलेली धूळ रंगात बसते.

[दृश्य: कॅनव्हासची डावी कड.]

फ्रेम नसेल तर चित्राच्या कडाही पाहा. इथे करड्या रंगाचा ओघळ आडवा येऊन डाव्या कडेवर वळलाय. ओघळ खालीच जातो, म्हणजे तो थर लागला तेव्हा आजची डावी बाजू तळाला होती. त्यावरच्या काळ्याचा ओघळ मात्र सरळ खाली उतरलाय. चित्र वळवलं गेलं ते या दोन थरांच्या मधे.