वाटी भरलेली दिसते, पण पोपट उपाशी आहे

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ तुमच्या आग्रहाचा. "ताई, पोपट फुगून बसलाय." "ताई, सारखा शिंकतो." "ताई, सूर्यफुलाशिवाय कशाला तोंडच लावत नाही." या तिन्ही मेसेजचं उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते. आणि हो, सध्या ते चहात बिस्कीट बुडवून खाणाऱ्या पोपटांचे रील्स फिरतायत ना, ते मला पाठवणं कृपा करून बंद करा. गोड वगैरे काही दिसत नाही मला त्यात. चहात कॅफीन असतं, ते पक्ष्यांना विषारी. बिस्किटात साखर, मैदा आणि मीठ. दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्यांच्या पोटात नसते. झालं रील.

आधी एक गोष्ट पटकन. मी आज बोलतेय ते कॉकटील, बजी, कॉन्यूर, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी जातींबद्दल. आपला हिरवा, गळ्याला कंठ असलेला पोपट घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तो आजारी असो की ठणठणीत, पिंजऱ्यात ठेवायचा नाही. जखमी सापडला तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. येऊरच्या बाजूला संध्याकाळी थव्याने जाताना दिसतात ना, तिथेच शोभतात ते. यावर कमेंटमध्ये वाद घालू नका, मी उत्तर देणार नाही.

आता मूळ मुद्दा. नुसत्या बियांवर जगणाऱ्या पोपटाचं काय होतं? सूर्यफुलाच्या गराचं जवळपास निम्मं वजन तेलच असतं. त्यात अ जीवनसत्त्व नसल्यात जमा, कॅल्शियम कमी. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला उडायला जागा नाही, मग ते तेल जाणार कुठे? यकृतावर चरबी चढते. दुसरीकडे अ जीवनसत्त्व मिळालं नाही की नाकाच्या, तोंडाच्या, श्वासनलिकेच्या आतलं अस्तर जाड आणि कोरडं होतं, जंतूंना दार उघडं. म्हणून तो शिंकतो. तुम्हाला वाटतं सर्दी झाली. मग कोणी वाफ देतं, कोणी लहान मुलांचं सिरप पाजतं, कोणी दुकानातून पाण्यात टाकायची पावडर आणतं. अहो, सर्दी नाहीये ती! ताटात खोट आहे.

कोपरखैरण्याच्या एक काकू त्यांचा बंड्या घेऊन आल्या होत्या. कॉकटील, बुटाच्या खोक्यात, खोक्याला पेनाने भोकं पाडलेली. मी त्यांना घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चोच उघडून टॉर्च मारला आणि मला म्हणाले, बघा. निरोगी पोपटाच्या टाळूला मधोमध फट असते आणि तिच्या कडेने बारीक बारीक काटे असतात, टोकदार. बंड्याचे काटे झिजून सपाट झालेले. बाजूला पांढरट चट्टा. पायाचे तळवे उलटे करून पाहिले तर गुळगुळीत, चकचकीत. एरवी तिथे बारीक खवल्यांची नक्षी असते. नाकपुडीत सुकलेला खडा. काकूंचं एकच पालुपद, "पण खातो हो तो व्यवस्थित, वाटी कायम भरलेली असते."

इथेच आजचा खरा व्हिडिओ सुरू होतो.

(वाटी कॅमेऱ्याजवळ धरून) ही वाटी बघा. भरलेली आहे की नाही? आता फुंकर मारते. ...कुठे गेलं सगळं? फोलपटं होती ती! पोपट बी सोलतो, गर गिळतो आणि टरफल तिथेच टाकतो. वरून वाटी काठोकाठ, खाली चार दाणे. मी ओळखते अशी घरं, जिथे सगळे गावाला गेले, शेजाऱ्यांना सांगून गेले "वाटी रिकामी झाली की भरा", आणि शेजाऱ्यांना वाटी कधी रिकामी दिसलीच नाही. पुढचं सांगत नाही.

हीच फसगत पेलेट (म्हणजे पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या खाण्याच्या गोळ्या) किंवा भाज्या सुरू करताना होते, आणि दुप्पट महागात पडते. कारण तुमच्यातले निम्मे लोक, रागावू नका, हे करतात: एक दिवस उत्साहात बिया बंद, वाटीत पेलेट. "भूक लागली की खाईल झक मारत." मागच्या व्हिडिओखाली हे वाक्य इतक्या जणांनी लिहिलंय की मला आता त्याचा वैताग आलाय. नाही खात! बियांवर वाढलेल्या पोपटाला पेलेट हे अन्न आहे हेच कळत नाही. त्याच्या लेखी ते खडे आहेत. तो खड्यांशेजारी उपाशी बसेल. एवढ्याशा जिवाचं इंजिन फार वेगाने चालतं. बजीसारखा छोटा पक्षी एक-दोन दिवस काहीच न खाता राहिला तर जिवावर बेततं. आणि ज्याच्या यकृतावर आधीच चरबी आहे त्याला उपास म्हणजे आगीत तेल.

"पण ताई, माझा पेलेट चावतो, मी बघितलंय." चावतो, हो. गिळतो का? पिंजऱ्याचा तळ बघा. पेलेटचा भुगा पडलाय का? पोपटाला चोचीत काहीतरी फोडायला आवडतं. लाकूड फोडतो, पडद्याची कड फोडतो, तुमचा चार्जर फोडतो. म्हणून चार्जर खातो का तो?

मग कळणार कसं? शीट बघा. तळाला पांढरा कागद घाला, छापील वर्तमानपत्रावर रंग धड कळत नाही. शिटेत तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी वळी, पांढरा खडूसारखा भाग आणि पाणी. खाणं कमी झालं की शिटा कमी होतात, छोट्या, गडद हिरव्या, चिकट होतात. पांढरा भागच हिरवा-पिवळा दिसायला लागला तर यकृताकडे बोट आहे, त्याच दिवशी डॉक्टर. बीट-गाजर खाऊन रंग बदलला तर घाबरू नका. त्या रात्री मला फोटो पाठवू नका, मी झोपलेली असते.

आणि तिसरं, ज्यासाठी मी हा व्हिडिओ केला: वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वर एक डबा किंवा छोटी दांडी ठेवायची, शून्य करायचं, पोपट वर. रोज सकाळी, पहिली मोठी शीट झाल्यावर आणि खाणं देण्याआधी. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. मोबाइलमध्ये नको, मोबाइलमध्ये लिहिलेलं घरातल्या बाकीच्यांना दिसत नाही.

कॉकटील साधारण ८० ते १०० ग्रॅम. समजा तुमचा ९० आहे. ९ ग्रॅम घटले म्हणजे दहा टक्के गेले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ६ किलो. तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही, कारण वर पिसं आहेत. उलट आजारी पक्षी पिसं फुगवून बसतो, तो आणखी गुबगुबीत दिसतो! "छान गोलमटोल झालाय" असा मेसेज येतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. छातीच्या मधलं हाड बोटाने चाचपा. धारदार लागलं तर पक्षी वाळलाय. चार-पाच टक्के घटले तरी मी नवं खाणं थांबवून जुन्या बिया परत देते. हो, त्याच बिया, ज्यांना मी इतका वेळ नावं ठेवतेय.

बंड्याच्या बाबतीत डॉक्टरांनी हेच बजावलं होतं: आजारी असेपर्यंत ताट बदलायचं नाही. आधी तो जगू दे. औषध, अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, ऊब, आणि त्याला ओळखीचं खाणं. ऊब कशी? पिंजऱ्याच्या एका बाजूला, बाहेरून, जुना पिवळा बल्ब. एकाच बाजूला, कारण गरम झालं तर त्याला सरकता आलं पाहिजे. बाकी तीन बाजूंना चादर; बल्बला टेकता कामा नये. श्वासागणिक शेपटी वर-खाली होत असेल, किंवा दांडी सोडून तळाला बसला असेल तर बल्ब-बिल्ब करत बसू नका, उचला आणि निघा.

वजन स्थिरावलं, आवाज परत आला, मग बदल सुरू केला. कसा? सकाळी पोट रिकामं असतं तेव्हा नवं खाणं आधी. गाजर बारीक किसायचं, ओलसरच ठेवायचं आणि त्यावर त्याच्या बिया पसरायच्या. बिया किसाला चिकटतात. बी उचलताना चोचीला गाजर लागतं, चव कळते. दीड-दोन तासांनी ते काढून टाकायचं आणि मोजून बिया द्यायच्या. संध्याकाळीही बिया. उपाशी झोपू द्यायचं नाही. मग हळूहळू शेवग्याचा कोवळा पाला, उकडलेलं रताळं, लाल भोपळा, लाल सिमला मिरची, पपई. शेवग्याला पैसे पडत नाहीत, आपल्याकडे जुन्या सोसायट्यांच्या कंपाउंडला कुठे ना कुठे झाड असतंच. फवारणी झालेली नाही ना तेवढं वॉचमनला विचारा.

राळं भिजवून मोड आणलेत तर बहुतेक पोपट पटकन घेतात, कारण ते त्यांना ओळखीचंच वाटतं. पुढे त्या मोडांवर पेलेटची पूड भुरभुरायची. पण आपल्या हवेत, त्यात जून-जुलैत, मोड दोन-तीन तासांत आंबतात. वास घ्या, बुळबुळीत लागलं तर फेका. तेच शेंगदाण्यांचं. पावसाळ्यात डब्यातल्या दाण्यांवर बुरशी येते आणि त्या बुरशीचं विष थेट यकृतावर जातं. खवट वास आला की "पोपटाला घालू" हा विचार डोक्यातून काढा. माणसाला नको ते त्यालाही नको.

आणि त्याच्यासमोर बसून खा. मस्करी नाही. पोपट थव्यात खाणारा प्राणी, दुसरा खाताना दिसला की त्याला भरवसा वाटतो. काकूंच्या घरी ही जबाबदारी काकांवर आली. काका रोज सकाळी पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून, बिनमिठाचं किसलेलं गाजर, "वा वा" करत. काकू फोनवर म्हणाल्या, "पस्तीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या कोशिंबिरीला कधी वा म्हटलं नाहीत." बंड्याने गाजर आधी काकांच्याच वाटीतलं घेतलं, स्वतःच्या नाही. किती दिवस लागतात हे विचारू नका. काहींना आठवडे, काहींना महिने. कॅलेंडरवरचा आकडा सांगेल तसं पुढे जायचं.

राहिलेलं भराभर. मिरची चालते, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. अवोकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण, फरसाण, दारू: अजिबात नाही. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पोपट मिनिटांत मरतो, त्यामुळे पिंजरा स्वयंपाकघराजवळ नको. पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब टाकू नका: पाण्याची चव बदलते, पोपट पाणीच कमी पितो आणि पोटात किती गेलं ते कोणालाच कळत नाही. अ जीवनसत्त्व जास्त झालं तरी त्रास होतो, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढंच. कॅल्शियमला समुद्रफेन टांगा. आणि घोडबंदरच्या टॉवरवाल्यांनो, तुमच्या स्लायडिंगच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. ड जीवनसत्त्व ज्या किरणांनी तयार होतं ते काचेत अडतात. खिडकी उघडा, जाळी असू द्या, अर्धा पिंजरा सावलीत ठेवा.

एक कमेंट आहे: "आमच्या आजीचा पोपट चहा-चपाती खाऊन वीस वर्षं जगला." जगला असेल. जे लवकर गेले त्यांच्याबद्दल कोणी कमेंट करत नाही. कॉकटील नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. तो पाचव्या वर्षी गेला तर "त्याचं आयुष्यच तेवढं" म्हणू नका.

डॉक्टरांचं शेवटी. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघतात असं नाही, आधी फोन करून विचारा. कोणीच सापडलं नाही तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. आधी विचारून घ्या आणि ट्रेनने जाणार असाल तर गर्दीची वेळ टाळा. पिंजऱ्यावर पातळ चादर टाका, हवा जायला एक बाजू मोकळी. निघण्याआधी पिंजरा चकाचक धुऊ नका. तळाचा कागद शिटेसकट तसाच घडी करून पिशवीत घ्या, रोजच्या बियांची एक पुडी घ्या आणि कॅलेंडरवरच्या आकड्यांचा फोटो काढा. डॉक्टर आधी तेच मागतात.